‘वय झालं’ एवढ्यावर थांबू नका

‘मेंदूच्या श्वेतद्रव्यात वयानुसार बदल.’ एमआरआयच्या अहवालातली ही ओळ वाचून घरचे निश्चिंत होतात आणि फाइल कपाटात जाते. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर म्हणून मला ही निश्चिंती धोक्याची वाटते.

श्वेतद्रव्य म्हणजे मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंचं जाळं. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक असतात. वर्षानुवर्षं बीपी चढं राहिलं की त्यांच्या भिंती जाड होतात, तंतूंना रक्त कमी पडतं आणि एमआरआयवर पांढरे डाग दिसू लागतात. यातून येणारा विसर वेगळा असतो. एसटीतून निवृत्त झालेले माझे एक पेशंट नातवंडांची नावं बिनचूक सांगतात. पण आयुष्यभर तिकिटांचा हिशेब चोख ठेवलेल्या या माणसाला आता किराण्याचं बिल जुळवता जुळत नाही. “जरा सुचवलं की आठवतं त्यांना, पण वेळ फार लागतो,” असं त्यांच्या पत्नी सांगतात. बीपीची गोळी त्यांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून केव्हाच सोडली होती.

डाग दिसले म्हणजे डिमेन्शिया होणारच, असं नाही. पण हातावर हात ठेवून बसण्याचंही कारण नाही. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचं उद्दिष्ट असलेल्या गटात डिमेन्शियाआधीचा सौम्य स्मृतिऱ्हास १९ टक्क्यांनी कमी आढळला. डागही कमी वाढले. १२० प्रत्येक वृद्धाला झेपेलच असं नाही, ते डॉक्टरांनी ठरवावं. पण १६० वर गोळीविना राहणं कुणालाच परवडणारं नाही.

२०२३ च्या एका अंदाजानुसार देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यात ज्येष्ठांना ‘जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का?’ असं विचारलं जातं. पत्ता विसरेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्याआधीचा प्रश्न त्यात हवा: पैशांचे व्यवहार, औषधांच्या वेळा, पूर्वी सहज जमणारी कामं आता जड जातात का? उत्तर ‘हो’ आलं, तर बीपी आणि साखर तपासली जावी. बीपीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. ज्यांनी त्या मध्येच सोडल्या, त्यांच्या दारी पुन्हा जाणारी यंत्रणा आरोग्य खात्याने उभी करावी.