गोठ्यांतला गोळा

घरांतील दिवे बदलण्याची गोष्ट निघाली कीं आमचे पुष्कळ शेतकरी बंधु म्हणतात, "तें आम्हीं केव्हांच केलें." बऱ्याच अंशीं हें खरेंहि आहे. केंद्र सरकारची 'उजाला' योजना जानेवारी २०१५ मध्यें सुरू झाली आणि जो एल. ई. डी. दिवा पूर्वीं तीनशें रुपयांच्या वर पडे, तो सामान्य कुटुंबाच्या आवांक्यांत आला. देशभर असे ३६ कोटींहून अधिक दिवे वांटले गेले.

परंतु काढलेल्या गोळ्याचें पुढें काय झालें, हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, नवा दिवा बैठकींत लागतो आणि शंभर वॅटचा जुना गोळा, "चालू आहे, फेकावयाचा कशाला?" म्हणून गोठ्यांत किंवा खळ्यांत जातो. काटकसर शेतकऱ्याच्या हाडांत असते व ती आम्हांस प्रिय आहे; पण येथें ती उलटी पडते. बैठकींतला दिवा चार तास जळतो; गोठ्यांतला दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत. म्हणजे सर्वांत खादाड दिव्यास आपण सर्वांत लांब पाळी दिली!

महसुली दप्तरांत हयात गेल्यामुळें आंकडा मांडल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं. १०० वॅटचा गोळा बारा तासांत १.२ युनिट वीज खातो. ९ वॅटचा एल. ई. डी. दिवा जेमतेम ०.११. त्याचा उजेड साठ वॅटच्या गोळ्याइतका पडतो. गुरें पाहण्यास तेवढा पुरे. महिन्याला ३३ आणि वर्षाकांठीं ४०० च्या जवळपास युनिटें वांचतात. महावितरणच्या घरगुती आकारणींत १०० युनिटांपुढें दर चढतो. ज्याचें बिल शंभरीच्या थोडें पुढें जातें, त्याचीं हीं युनिटें बहुशः चढ्या दरांतलींच कमी होतात.

ज्यांचा गोठा मळ्यांत व दिवा पंपाच्या जोडणीवर आहे, ते म्हणतील, "साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस एप्रिल २०२४ पासून वीजबिल माफ, आमचें काय जातें?" त्यांनीं नकाशा पाहावा. आमचें चिंचपाडा सुरत–भुसावळ लोहमार्गावर आहे. त्याच्या एका अंगास उकाई, दुसऱ्या अंगास भुसावळजवळ दीपनगर. दोन्ही ठिकाणीं कोळसा जाळून वीज होते. अशा एका युनिटास सुमारें दोनतृतीयांश किलो कोळसा लागतो. तेव्हां गोठ्यांतल्या एका गोळ्याच्या उधळपट्टीपायीं वर्षाला अडीच क्विंटलांवर कोळसा जळतो. बिल माफ झालें म्हणून धूर माफ होत नाहीं. आणि हवामान बिघडून पाऊस हुकला, तर मार आमच्या भातालाच बसतो.

कोणी म्हणेल, पांच अश्वशक्तीचा पंप तासाला चार युनिटांच्या आसपास घेतो, त्यापुढें गोळ्याची काय कथा? मुद्दा बरोबर आहे. पण पंप पीक पोसतो. गोळ्याची नव्वद टक्क्यांहून अधिक वीज नुसती उष्णता होऊन जाते.

दिवा मालवा, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. डोंगराकडेच्या पाड्यांत बिबट्याची भीति खोटी नाहीं. दिवा राहूं द्यावा, गोळा बदलावा. नवे दिवे लवकर जातात ही तक्रार आम्ही नेहमीं ऐकतों. बहुधा आंतील इवलें यंत्र उष्णतेनें वा विजेच्या खालींवर होणाऱ्या दाबानें बिघडतें. म्हणून दिवा बंद हंडींत कोंडूं नये, आणि घेतांना तो किती दाबापर्यंत चालतो हें वेष्टनावर पाहावें. रंग पिवळसर निवडावा; पांढऱ्या-निळसर उजेडाकडे कीटक अधिक धांवतात, आणि भातावरील खोडकिड्याचा पतंग उजेडावर येणारा आहे. जुन्या सी. एफ. एल. नळ्या उकिरड्यावर टाकूं नयेत. त्यांत पारा असतो व उकिरड्याचें खत शेवटीं शेतांतच जातें.

आमची सूचना एवढीच कीं, खतें-बियाणें ठेवणाऱ्या शेतकरी संस्थांनीं हे दिवेहि ठेवावे आणि ते जुना गोळा परत घेऊनच द्यावे. नाहींतर तो पुन्हां गोठ्यांत जाईल. मृगापूर्वींच्या सभेंत हा विषय घेतल्यास पावसाळ्याच्या अंधाऱ्या रात्रींपूर्वीं काम उरकतें.