निरोपाची पोस्ट: ‘जाते’ नव्हे, ‘येते’



आमच्या वेळी नोकरी सोडणाऱ्याचा निरोप कँटीनमध्ये व्हायचा. समोसे, वेफर्स, एक हार आणि साहेबांचं भाषण. बरं-वाईट जे बोललं जाई, ते तिथेच राही. आता निरोप लिंक्डइनवर घेतात. तो जुने साहेब वाचतात, नवे वाचतात, क्लायंट वाचतात आणि स्थळाची चौकशी करणारे काकाही वाचतात. मी इथे हैदराबादेत बरीच वर्षं एचआरमध्ये काढली. अशा पोस्ट दोन्ही बाजूंनी पाहिल्या, म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट क्रमाची. राजीनाम्याची बातमी आधी साहेबांना, समोर बसून किंवा फोनवर. मग टीमला. मग ज्या क्लायंटशी रोजचं बोलणं आहे त्यांना, तेही साहेबांना विचारून. लिंक्डइन सगळ्यांत शेवटी. प्रोफाइलमध्ये नोकरीचा तपशील बदलताना ‘नेटवर्कला कळवा’ असं एक बटण असतं, ते आधी बंद आहे ना ते बघा. नाहीतर तुम्ही सांगायच्या आधी ते सांगून मोकळं होतं!

दुसरी गोष्ट वेळेची. आयटीत नोटीस पीरियड बहुधा दोन-तीन महिन्यांचा. तेवढ्या काळात पोस्ट नको. शेवटचा दिवस होऊ द्या, रिलीव्हिंग लेटर हातात येऊ द्या. नव्या कंपनीचं नाव तर रुजू झाल्यावरच. ऑफर मागे घेतल्याचे प्रकारही होतात.

तिसरी गोष्ट मजकुराची. ‘अविस्मरणीय प्रवास’, ‘अपार कृतज्ञता’ हे शब्द कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्याऐवजी नेमकं लिहा. ‘पहिल्या वर्षी माझा कोड तीनदा परत पाठवणाऱ्या सीनियरमुळे मी नीट लिहायला शिकलो,’ हे एक वाक्य पुरे. त्या माणसाला विचारून त्याचं नाव घाला, त्यालाही बरं वाटेल. क्लायंटचं नाव आणि प्रोजेक्टचे आकडे मात्र टाळा. गुप्ततेच्या करारावर आपली सही असते आणि ती नोकरी सोडल्यावरही बांधून ठेवते.

आता राग. तो असतोच. पण टोमणा मारलेली पोस्ट साहेबांपेक्षा मागे राहिलेल्या सहकाऱ्यांनाच जास्त अडचणीत आणते. लाइक केलं तरी पंचाईत, नाही केलं तरी पंचाईत. याचा अर्थ अन्याय गिळा असा नाही. पगार थकला असेल, छळ झाला असेल, तर लेखी तक्रार करा, पुरावे जपा, कामगार खात्याकडे किंवा अंतर्गत समितीकडे जा. तिथे दाद मागता येते, पोस्टमध्ये नुसती चर्चा होते.

आणि नोकरी स्वतः सोडली नसेल, गेली असेल तर? गेल्या वर्षी माझ्या भाचीचं पद कपातीत गेलं. भावोजी म्हणाले, “कुठे लिहू नकोस. लोक काय म्हणतील? स्थळं बघतोय आपण.” ती म्हणाली, “बाबा, लोकांना कळलंच नाही तर काम कोण सुचवणार?” घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी तिने लिहिलं ते एवढंच: ‘विभागातल्या कपातीत माझं पद गेलं. चार वर्षं बिलिंग सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलं, दोन नव्या मुलांना तयार केलं. हैदराबाद किंवा पुण्यात असंच काम शोधते आहे.’ ना रडगाणं, ना ‘स्वेच्छेने विश्रांती’ची थाप. थाप मारली असती तर पुढच्या कंपनीच्या पडताळणीत उघडी पडली असती.

काम मिळायला तीन महिने लागले. मिळालं ते तिच्या एका जुन्या टीम लीडच्या फोनमुळे. तिची पोस्ट वाचूनच त्याने फोन केला होता. मधल्या काळात भावोजींनीच ती पोस्ट आपल्या काचीगुड्याच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

आपल्या घरात दारातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. परत आलो नाही तरी दार उघडं राहतं. पोस्ट लिहून झाली की एकदा मोठ्याने वाचा. ती ‘येते’सारखी वाटली, तर खुशाल टाका.