संशोधनाची परतफेड

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 31 डिसेंबर 1926 रोजी धुळे मुक्कामी देह ठेवला, तेव्हा त्यांच्यामागे उरलेल्या लेखनात भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासासंबंधीचे लेखनही होते. त्याचा प्रारंभीचा भाग त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला त्या वेळी सनातनी वाचकवर्गात मोठा क्षोभ उसळला होता, आणि ग्रंथरूपाने ते लेखन वाचकांच्या हाती येण्यास पुढे जवळजवळ अर्धशतक जावे लागले. राजवाड्यांची सर्वच अनुमाने आज कोणाला मान्य होतील असे नाही. श्रुतिस्मृती आणि महाभारत यांतील वचनांवर ते जितके विसंबत, तितके भोवतालच्या जिवंत वहिवाटीकडे पाहत नसत. परंतु विवाह, कुटुंब आणि स्त्रीपुरुषांचे परस्परसंबंध ही ईश्वरदत्त, अपरिवर्तनीय व्यवस्था नसून काळाच्या ओघात माणसांनी घडविलेली आणि म्हणून अभ्यासिता येण्याजोगी संस्था आहे, हा सिद्धांत त्यांनी निर्भयपणे मांडला, आणि विशेष म्हणजे तो मराठीत मांडला. त्यांच्या निधनानंतर लागलीच, 1927 साली, धुळ्यात त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले. समाजशास्त्र हा शब्द आपल्याकडे पुरता रुळलाही नव्हता तेव्हा खानदेशच्या भूमीत ही परंपरा सुरू झाली, हे आम्ही खानदेशवासी सहसा आठवत नाही.

या परंपरेचे आज काय झाले आहे? 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. 2018 साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील मुलामुलींना पुण्यामुंबईची वाट न धरता उच्च अध्ययन करता येऊ लागले, हा लाभ सामान्य नव्हे. स्त्रियांची शेतमजुरी, बचतगट, महिला सरपंचांचा कारभार, आदिवासींचे ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर, घरातील हिंसा, असे विषय घेऊन येथे प्रबंध लिहिले जातात. ते मान्य होतात, त्यांची बांधणी होते, एक प्रत ग्रंथालयात जाते आणि एक संगणकीय भांडारात. मात्र ज्या बाईच्या उत्तरांवर तो प्रबंध उभा राहिला, तिच्या दारापर्यंत त्यातले एकही वाक्य परत जात नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मला फार गंभीर वाटते.

काही वर्षांपूर्वी शिंदखेडा तालुक्यात, कपाशीची वेचणी भरात असताना, प्रबंधाच्या पाहणीसाठी निघालेल्या एका विद्यार्थिनीबरोबर मी गेलो होतो. तिच्याजवळ छापील प्रश्नावली होती, आणि तीत वय, जात, शिक्षण, मजुरी, घरातले निर्णय कोण घेते, नवरा हात उगारतो काय, असे चाळीसेक प्रश्न होते. ओटीत कापूस घेतलेल्या एका प्रौढ बाईने त्या सर्वांची उत्तरे हात न थांबविता दिली, कारण वेचणीची मजुरी वजनावर मिळत असल्याने हात थांबविणे तिला परवडणारे नव्हते. तरीही मारहाणीच्या प्रश्नाशी तो हात क्षणभर थांबला, हे मी पाहिले. प्रश्नावली संपली तेव्हा तिने विचारले, ‘हाई सम्दं लिखीसन आमले काय भेटी, माय?’ त्या मुलीला उत्तर सुचले नाही, आणि वयाने तिच्या दुप्पट असलेल्या मलाही सुचले नाही. पुढे यथाकाल प्रबंध मान्य झाला, मुलीला पदवी मिळाली, तिचे पुष्कळ कौतुक झाले. त्या शिवारात पुन्हा कोणी गेले नाही. मीही गेलो नाही.

या बाईच्या प्रश्नाला जोडून दुसरा एक प्रश्न जळगाव जिल्ह्याने केव्हाच विचारावयास हवा होता. 2001 च्या खानेसुमारीत या जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे 880 मुली होत्या. 2011 मध्ये त्या 842 उरल्या. सबंध महाराष्ट्राचा आकडा याच दशकात 913 वरून 894 वर आला, म्हणजे राज्याची घसरण जेवढी, त्याच्या दुप्पट घसरण एकट्या जळगावची. देशाला पहिली महिला राष्ट्रपती ज्या जिल्ह्याने दिली, ज्या जिल्ह्यातील एदलाबादच्या मतदारांनी प्रतिभाताई पाटील यांना वारंवार विधानसभेत धाडले, श्रावणात कानबाई मातेची स्थापना घरोघर होऊन ज्या मुलखात रोट आणि गाणी यांनी रात्र जागते, त्या जिल्ह्याचा हा आकडा आहे. शेजारच्या नंदुरबारमध्ये, जेथे सातपुड्याच्या रांगांत भिल्ल आणि पावरा वस्ती आहे, रस्ते तुटके आहेत आणि कुपोषणाने आईबापांच्या डोळ्यांदेखत मुले दगावतात, तेथे 2011 साली हेच प्रमाण 944 होते.

ज्याला समाजाच्या अभ्यासाची काही आस्था आहे त्याने या दोन आकड्यांपाशी थांबून विचार केला पाहिजे. तापीकाठची केळी, ठिबकाची शेती, ट्रकांनी उत्तरेकडे जाणारा माल, पक्की घरे आणि तालुक्याच्या गावी दवाखाने, अशी समृद्धी जेथे नांदते तेथे मुलगी गर्भातच नाकारली जाते. आणि डोंगरात, जेथे वर्षातले काही महिने घर सोडून परमुलखात मजुरीला जावे लागते, तेथे ती जन्म घेते. याची कारणे खानेसुमारीच्या तक्त्यात सापडणार नाहीत. पावरा समाजात वराकडील मंडळी वधूच्या बापाला देज देतात, बागायती पट्ट्यात वधूचा बाप हुंडा देतो. डोंगरात बाई जंगल, शेत आणि बाजार या तिन्ही ठिकाणी उघडपणे राबते, सपाटीवर घर जरा सुस्थितीत आले की सुनेने शेतात जाऊ नये ही प्रतिष्ठेची खूण होते. आणि सोनोग्राफीचे यंत्र तर पैशाच्या वाटेनेच जाते. देज ही काही आदर्श चाल नव्हे. तीत स्त्रीचे मोल ठरते, आणि ज्याने मोल मोजले तो मालकी गाजवितो. मला एवढेच म्हणावयाचे आहे की उत्पन्न वाढले, शिक्षण वाढले, म्हणजे स्त्रीचे स्थान आपोआप उंचावते हा जो समज राज्यकर्त्यांच्या आणि आपल्याही मनात घट्ट बसला आहे, त्याला खानदेशच्या दोन शेजारी जिल्ह्यांनी धडधडीत उत्तर दिले आहे, आणि त्या उत्तराचा उलगडा गावोगाव बसून, घराघरांतील सासू, सून, जाऊ यांच्याशी बोलूनच होणे शक्य आहे.

संशोधनाने काही घडत नाही असे म्हणणाऱ्यांस मी 1986 सालाची आठवण देऊ इच्छितो. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध मुंबईत स्त्रियांच्या संघटनांनी आवाज उठविला होता, आणि सरकारी मंडळी असे प्रकार फारसे होत नाहीत असे मानण्यास तयार होती. तेव्हा डॉ. संजीव कुलकर्णी यांनी शहरातील 50 स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मुलाखती घेतल्या; त्यांतील 42 जण ही परीक्षा करीत असल्याचे निघाले. पाहणी लहान होती, खर्च फार नव्हता, पण त्या एका आकड्याने सबबीला जागा उरली नाही. 1988 साली महाराष्ट्राने देशात प्रथम या विषयाचा कायदा केला, आणि 1994 साली केंद्राने केला. केंद्राच्या कायद्याची अंमलबजावणी होत नाही हे पाहून सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातील संस्थांनी डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कोठे दवाखान्यांच्या नोंदणीस आणि तपासणीस जोर आला. परंतु कायदा डॉक्टराच्या दारापर्यंत पोचतो. ज्या रात्री घरात सारे ठरते त्या रात्री तो तेथे नसतो. तेथे काय बोलले गेले हे कळल्यावाचून जळगावचा आकडा सुधारावयाचा नाही.

अभ्यास झाला, पण ज्यांचा झाला त्यांच्याकडे तो परत गेला नाही, याचे उदाहरण म्हणून आता शहाद्याकडे वळतो. 1998 च्या 1 जुलैपर्यंत नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, आणि शहादे तालुका धुळे जिल्ह्यातच मोडत असे. तेथे 1970 नंतरच्या दशकात, अंबरसिंग महाराजांनी जागविलेल्या भिल्ल शेतमजुरांत श्रमिक संघटनेचे काम वाढीस लागले. जमीन आणि मजुरी हे मुद्दे पुरुषांनी पुढे ठेवले होते. स्त्रियांची शिबिरे भरू लागली तेव्हा त्यांनी दारूचा मुद्दा काढला, कारण मजुरीचा पैसा कोठे जातो आणि पाठीवर वळ कशाचे उठतात हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली, आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. भारतीय स्त्रीचळवळीच्या इतिहासात या घटनेला फार मोठे स्थान आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी 1976 साली एका इंग्रजी नियतकालिकात शहाद्याच्या चळवळीवर निबंध लिहिला. मीरा सावरा आणि सुजाता गोठोसकर यांनीही त्या स्त्रियांविषयी इंग्रजीत लिहिले. ते लेखन मोलाचे आहे, त्याबद्दल कृतज्ञताच वाटते. पण ज्यांनी मडकी फोडली त्यांच्या नाती आज शहाद्यातील शाळा-महाविद्यालयांत शिकत आहेत, आणि आपल्या आजीने काय केले हे त्यांच्या पाठ्यपुस्तकात नाही. परदेशच्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना जे वाचावयास मिळते, ते ज्यांचे आहे त्यांना मिळू नये, हा अन्याय आहे.

जळगाव जिल्ह्यातील विटनेरची गोष्टही याच जातीची. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने 1986 साली चांदवडला अधिवेशन भरविले, त्यानंतर शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम पुढे आणला आणि शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही हिस्सा राजीखुशीने बायकोच्या नावे करून द्यावा असे आवाहन केले. विटनेरला 1989 साली ग्रामपंचायतीत सगळ्या स्त्रियाच निवडून आल्या, आणि त्या गावातील शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. पुढे 1992 साली सरकारनेही सातबाऱ्यावर पतीपत्नी दोघांची नावे लावण्याचा निर्णय काढला. त्या वेळच्या फेरफारांचे पुढे काय झाले, आज त्या उताऱ्यांवर कोणाची नावे आहेत, ज्या बाईच्या नावे एकर-दोन एकर जमीन आली तिच्या घरात मुलीच्या जन्माविषयीचा विचार बदलला काय, तिच्या लेकीला वाटा मिळाला की हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला गेला, या प्रश्नांची उत्तरे तलाठ्याच्या दप्तरात आणि त्या बायकांच्या स्मृतीत आहेत. यापेक्षा अधिक चांगला प्रबंधविषय मला तरी सुचत नाही; आणि त्या वेळच्या कर्त्या स्त्रिया आता वार्धक्यात असल्याने, तो हाती घ्यावयाचा तर विलंब लावून चालणार नाही.

संशोधकाने गावापुढे निष्कर्ष ठेवावे म्हटले, की दोन आक्षेप येतात. पहिला असा की शास्त्रीय विवेचन सामान्य माणसाला समजत नाही. या आक्षेपाची मला खंत वाटते, कारण ज्या विद्यापीठात तो घेतला जाईल त्याच्या कमानीवर एका अक्षरशून्य स्त्रीचे नाव आहे. बहिणाबाई लेवा गणबोलीत ओव्या रचीत गेल्या, त्या त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि आप्तांनी उतरवून घेतल्या, आणि 1952 साली त्या छापून आल्या तेव्हा आचार्य अत्र्यांसारखा माणूस स्तिमित झाला. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा गीतेवर बोलत, ते साने गुरुजी टिपून घेत. तीच ‘गीता प्रवचने’ पुढे खेड्यापाड्यांत पोचली. बोलणे उतरवून घेणे आणि ते लोकांना परत देणे ही रीत खानदेशला नवी नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: घरातील हिंसेविषयी ज्या बाईने विश्वासाने सांगितले, तिचे सांगणे गावात फुटले तर तिच्यावरच संकट ओढवेल. हे खरे आहे, आणि म्हणूनच नावगाव न फुटू देता सबंध तालुक्याचे चित्र कसे मांडावे हे शिकणे हा संशोधकाच्या शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे. या भीतीने काहीच न सांगणे हा त्यावरील इलाज नव्हे.

कायद्याने एक जागाही आपल्याकडे तयार आहे. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या आधी गावातील स्त्रियांची स्वतंत्र सभा भरविणे बंधनकारक आहे. पुष्कळ गावांत ती केवळ कागदावर भरते, वहीवर सह्या-अंगठे घेतले की कारभार उरकतो. याचे एक कारण असे की त्या सभेपुढे बोलण्याजोगे काही ठेवलेच जात नाही. तेथे, त्या तालुक्यातील स्त्रियांविषयी झालेल्या अभ्यासाचा वीसेक पानांचा सुबोध मराठी गोषवारा संशोधकाने स्वतः जाऊन, शक्य तेथे अहिराणीत किंवा भिलोरीत, वाचून दाखवावा. बायकांनी ‘हे चुकले’, ‘हे राहिले’ असे सांगितले तर ते टिपून घ्यावे. आणि त्या सभेची नोंद प्रबंधाला जोडल्यावाचून पदवी देऊ नये. यासाठी नवा कायदा नको, अनुदानही नको. विद्यापीठाच्या नियमावलीत एक कलम घातले म्हणजे पुरे.

2021 ची खानेसुमारी झालीच नाही. पुढची 1 मार्च 2027 ही तारीख धरून होणार आहे, म्हणजे सोळा वर्षे जळगाव जिल्हा 842 या एकाच आकड्यावर बसून राहिलेला असेल. नवा आकडा येईल, वर्तमानपत्रांत एक दिवस गाजेल, जिल्हाधिकारी कार्यालयात बैठक होईल. तो येण्यापूर्वीच्या अवधीत विद्यापीठाच्या सामाजिक शास्त्रांच्या प्रशाळेने, धुळ्याच्या राजवाडे मंडळाचे साहाय्य घेऊन, आजवर खानदेशातील स्त्रियांविषयी झालेल्या अभ्यासांचे मराठी गोषवारे करवावेत आणि ते महिला सभांतून वाचावयास प्रारंभ करावा. पहिली सभा असोद्याला घ्यावी. बहिणाबाईंचा जन्म तेथला.