संमती आणि शरणागती



इंग्रजीत 'कन्सेंट' आणि 'सबमिशन' असे दोन शब्द आहेत. शब्दकोश उघडला तर पहिल्यापुढे संमती, रुकार असे अर्थ सापडतात. दुसऱ्यापुढे शरणागती, अधीन होणे. कोशात त्यांची गल्लत होण्यासारखे काही नाही. कोर्टात मात्र ती झाली, आणि तिची किंमत आपल्या विदर्भातल्या एका गरीब आदिवासी मुलीने मोजली. मथुरा प्रकरण हे नाव आपल्यातल्या बहुतेकींना माहीत आहे. पण सगळे भांडण कोणत्या शब्दावरून झाले हे नव्याने आलेल्या कार्यकर्त्यांना ठाऊक नसते, म्हणून या अंकात त्याविषयी.

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज, म्हणजे आपले वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. आज ते गडचिरोलीत येते. भावाने केलेल्या तक्रारीवरून चौदा ते सोळा वर्षांच्या या मुलीला जबाबासाठी पोलीस ठाण्यात आणले होते. रात्री साडेदहाच्या सुमारास जबाब संपले. बाकीच्यांना बाहेर काढून तिला तेवढे थांबवून घेतले. आतले दिवे मालवले, दार लागले. घरची माणसे बाहेर उभी होती.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिले. मुलगी खोटारडी, तिला आधीपासून शरीरसंबंधाची सवय, आणि संभोग व बलात्कार यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, असे न्यायाधीशांचे म्हणणे. अंतर आहेच! पण ते मोजायला बाईची फूटपट्टी कोणी घेतलीच नाही.

१९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भीतीने किंवा धमकीने हतबल होऊन देह स्वाधीन करणे ही इच्छा नव्हे, असे खंडपीठाने स्पष्ट म्हटले. एकाला पाच वर्षांची, दुसऱ्याला एका वर्षाची शिक्षा झाली. नागपूरकर म्हणून आपण या निकालाची आठवण जितकी ठेवायला हवी तितकी ठेवलेली नाही.

कारण तो टिकला नाही. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा प्रतिकार झालाच नाही. झाले ते शांतपणे झाले! कायद्यातली 'भीती' म्हणजे मृत्यूची किंवा इजेची भीती, आणि ती इथे सिद्ध होत नाही. रात्री बंद ठाण्यात खाकी वर्दीपुढे उभी असलेली पोर कशाला भ्याली असेल, हा प्रश्न पडायला कायद्याची पदवी लागत नाही.

१६ सप्टेंबर १९७९ ला उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांचा मुद्दा साधा होता. संमतीत स्वाधीन होणे येते, पण स्वाधीन होण्यात संमती येतेच असे नाही. या पत्रानंतर देशभर बायका रस्त्यावर आल्या.

आता आपल्या भाषेकडे पाहू. 'बलात्कार' या शब्दातच 'बल' आहे. त्यामुळे ऐकणारा आधी बळ शोधतो: झटापट कुठे, फाटलेले कपडे कुठे, ओरडली का नाहीस? कायद्याची व्याख्या मात्र बळावर उभी नाही. 'तिच्या इच्छेविरुद्ध' आणि 'तिच्या संमतीशिवाय' अशी दोन निरनिराळी कलमे तीत १८६० पासून आहेत. झोपलेल्या किंवा गुंगीत असलेल्या बाईने विरोध दाखवलेला नसतो, पण तिने होकारही दिलेला नसतो. त्यासाठीच दुसरे कलम. मराठीत आपण दोन्हींना सर्रास 'मनाविरुद्ध' म्हणून मोकळे होतो.

आणि 'संमती' तरी आपण कशाला म्हणतो? पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगी खाली मान घालून बसली की 'पसंत आहे' असे घरचे सांगून टाकतात. मौनं संमतिलक्षणम् म्हणायला सगळे तयार. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यामुंबईत रान उठले, सभा झाल्या, टिळकांनी विरोध केला, वय दहावरून बारावर गेले. ज्यांच्या संमतीचे ते वय होते त्या पोरींचे मत त्या सभांतून कोणी विचारले नाही.

चळवळीमुळे कायदा हलला. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने 'माझी संमती नव्हती' असे सांगितले, तर ती नव्हती असेच कोर्टाने धरून चालायचे ठरले. २०१३ मध्ये संमतीची व्याख्याच लिहिली गेली: शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य प्रकारे व्यक्त केलेला, नि:संदिग्ध आणि स्वेच्छेचा होकार. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हेही तिथेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये हे शब्द कायम आहेत. त्याच कलमाच्या शेवटी जुना अपवादही कायम आहे: बायको अठरा वर्षांच्या वरची असेल तर नवऱ्याने केलेला तो बलात्कार नव्हे. तिथे संमती की शरणागती हा प्रश्नच कायदा विचारत नाही.

ठाण्यात बाईसोबत जाणाऱ्या मैत्रिणींसाठी एवढेच: अशा गुन्ह्याची फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. लिहिलेले वाचून दाखवायला लावा. 'तिने विरोध केला नाही' असे वाक्य असेल तर तिथेच थांबवा आणि ती काय म्हणाली होती ते विचारा. 'मी भीतीने गप्प राहिले' असे ती म्हणाली असेल तर तेच, तिच्याच शब्दांत, लिहायला सांगा. सही किंवा अंगठा त्यानंतर. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका.