गृहिणीचे दालन : दुपट्यासाठी कापड निवडताना

मार्गशीर्ष लागला की हिंगोली, वसमत, कळमनुरी या भागांत पहाटेचा गारठा जाणवू लागतो. ज्या घरी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली असते, तेथे दुपटी, कुंच्या व झबली यांची शिवण सुरू होते. गोधडीचे पोट आपल्याकडे जुन्या सुती साड्यांचेच. वरचे कापड तेवढे विकत आणावयाचे. दुकानदार चार ताके उलगडतो आणि चारही बोटांना सारखेच मऊ लागतात. गेल्या हिवाळ्यात नातीसाठी सुती फ्लॅनेल म्हणून मी जे आणले, ते घरी आल्यावर फ्लीस निघाले.

जुन्या बायका ज्याला फलालीन म्हणत, ते मूळचे लोकरीचे. आज फ्लॅनेल म्हणून मिळते ते बहुधा सुती असते. त्याच्या आडव्या धाग्याला पीळ कमी ठेवतात आणि विणून झाल्यावर बारीक तारांचे दात असलेल्या रुळांवर ते कापड घासतात. धाग्यातील तंतू वर ओढले जाऊन लव उठते. लवेत अडकलेली हवा हीच त्याची ऊब. फ्लीसवरही अशीच लव असते; पण ते पॉलिएस्टरचे असून, स्वेटरसारखे टाक्यांत गुंफलेले असते. म्हणून ते ताणले जाते, कापले तरी त्याच्या कडा उसवत नाहीत आणि गरम इस्त्री लागताच ते वितळते.

पारख करायची तर कापडाचे चार-सहा धागे चिमट्यात धरून, पाण्याच्या बशीवर पेटवून पाहावे. सुताला जळत्या कागदाचा वास येतो व मऊ राख उरते. पॉलिएस्टर आक्रसून त्याची कठीण गोळी होते.

गोधडीसाठी मी सुती फ्लॅनेलच पसंत करते. ते ओल शोषते, गरम पाण्यात धुता येते. बाळाच्या मालिशचे तेल आणि हळद लागलेले दुपटे धुताना हे फार उपयोगी पडते. फ्लीसमध्ये तेलाचा वास रेंगाळतो. मात्र नवे फ्लॅनेल धुतल्यावर आटते आणि आतल्या जुन्या साड्या तर आधीच आटून चुकलेल्या असतात. न धुता शिवले, तर पहिल्याच धुण्यात धावदोऱ्याच्या ओळींमध्ये चुण्या पडतात. तेव्हा कापायच्या आधी ते एकदा धुवून वाळवावे.

आता खरी काळजीची गोष्ट. बाळंतिणीच्या बाजेखाली अजूनही कित्येक घरी निखाऱ्याची शेगडी असते. जी लव ऊब देते, तीच पेटही लवकर घेते. सुट्या तंतूंमध्ये हवा असल्याने ज्वाला कापडाच्या पृष्ठभागावरून सरसर धावते. सुती फ्लॅनेलच्या कपड्यांनी मुले भाजण्याचे प्रकार ब्रिटनमध्ये इतके घडले की, ‘न पेटणारे’ म्हणून भलतेच कापड विकण्यास आळा घालणारा कायदा तेथे १९१३ साली करावा लागला. फ्लीसचे संकट निराळे. ते वितळून कातडीला चिकटते. सुती कापड कोणतेही पेटतेच. पण घट्ट विणीच्या, सपाट कापडावर आग अशी धावत नाही.

नातीचे फ्लीसचे दुपटे मी प्रवासासाठी ठेवून दिले आहे. शेकाच्या वेळी तिच्या अंगावर जुन्या सुती लुगड्याची साधी घडी असते, आणि शेगडीजवळ घरचे कोणीतरी बसलेले असते.