ज्वारी वाशीला गेली, दुखणे घरी आले



नवी मुंबईत नेरूळच्या तलावाभोवती पहाटे नोकरदार मंडळी घाम गाळत चालतात. डॉक्टरांनी बजावलेले असते, चाला आणि भाकरी खा. ती ज्वारी येते जवळच्या वाशीच्या दाणाबाजारातून, म्हणजे आपल्यासारख्यांच्या कोरडवाहू रानातून. आणि आपल्या चुलीवर? रेशनचा गहू-तांदूळ. चहाबरोबर मैद्याची बिस्किटे.

हृदयविकार हा शेटजींचा रोग, राबणाऱ्याला तो होत नाही, ही समजूत आता सोडली पाहिजे. कर्ता माणूस असा गेला, की घरधनिणीच्या पदरात उरते ते कर्ज.

शेतातली मेहनत हा व्यायामच आहे, त्यात वाद नाही. पण कोरडवाहू शेती बारा महिने राबवत नाही. पऱ्हाट्या उपटल्या, की मिरगापर्यंत गडीमाणूस मोटारसायकलवर घर ते फाटा, फाटा ते घर. पाणी-सरपण मायबहिणींच्याच डोक्यावर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालण्याइतकी हालचाल सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. ऊन चढण्याआधी फाटा पायी गाठला, तर हिशेब बिनपैशात पुरा होतो.

आता ताटाकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा आहे, पांढऱ्या तांदळात जेमतेम ३. चोथ्याने पोट भरते, साखर रक्तात सावकाश उतरते. भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी, जवसाची चटणी हे सारे आपल्याच रानातले. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा. लोणचे-पापड त्यातच धरा. तंबाखू, विडी, खर्रा सोडा. छातीवर दाब, हाताला किंवा जबड्याला कळ, दरदरून घाम, असे झाले तर पित्त समजून सोडा पीत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

पण 'ज्वारी खा' एवढेच सांगणे हा फुकटचा उपदेश झाला. ज्वारी ताटातून गेली, कारण तिला भाव नाही आणि रेशनवर गहू-तांदूळ फुकट आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्याचेही नाव आहे, पण दुकानात ते क्वचित दिसते. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये क्विंटल जाहीर झाला. खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही, तर तो आकडा कागदावरच राहतो.

म्हणून आम्ही या बैठकीपुढे ठराव ठेवतो : ज्वारी हमीभावाने घ्या आणि आमच्याच तालुक्यांच्या रेशनवर द्या.

सरकार हलेल तेव्हा हलेल. तोवर वर्षाची ज्वारी आधी घरच्या कणगीत भरा, मग बैलगाडी बाजाराकडे वळवा.