मध नको, चीक द्या

बाळ जन्मलं की घरात पहिली चर्चा होते ती मध कोण चाटवणार याची. आपल्याकडे कुणी तहनीक म्हणून, कुणी घुटी म्हणून मध देतो, तर अनेक हिंदू घरांत तो सोन्याच्या अंगठीने चाटवतात. त्यामागची माया मला कळते. तरीही माझा या मधाला विरोध आहे.

मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात चांगल्या जिवाणूंची दाट वस्ती असते, ती त्यांना रुजू देत नाही. तान्ह्या बाळाची ही वस्ती नुकती बसू लागलेली असते. तिथे बीजाणू रुजले, तर त्यांच्या विषाने बाळ लुळं पडू शकतं. म्हणूनच डॉक्टर वर्षभर मध देऊ नका म्हणतात.

ही वस्ती म्हणजे बाळाच्या प्रतिकारशक्तीची शाळा. कुणाशी लढायचं, कुणाला राहू द्यायचं, हे शरीर तिच्याच सहवासात शिकतं. आईच्या दुधातल्या काही शर्करा बाळाला पचत नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियाचं खाद्य असतात. म्हणजे आई बाळाला पाजते, तेव्हा त्याच्या पोटातल्या या सोबत्यांनाही भरवते. आणि काही घरांत पहिला पिवळा चीक खराब म्हणून पिळून टाकला जातो! त्यात तर बाळाचं रक्षण करणारी प्रतिपिंडं भरपूर असतात.

ओडिशातल्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये आला. एका गटाला लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा जिवाणू आणि त्याचं खाद्य सात दिवस दिलं. दुसऱ्या गटात सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्के होतं, या गटात ५.४ टक्के. याचा अर्थ दुकानातून प्रोबायोटिकची पुडी आणून मनानेच द्यावी असा नाही. पहिल्या आठवड्यात पोटात काय जातं याला किती मोल आहे, एवढं मात्र यातून दिसतं.

कुरआनात (अल-बकरा, २३३) दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे. हदीसमधली तहनीक खजुराची आहे, त्यामुळे मधाच्या हट्टाला दीनचा आधार शोधू नये. आपल्या इमामांनी जुम्याच्या बयानात हे एकदा तरी सांगावं. बाळंतिणीच्या खोलीत मात्र शब्द चालतो तो दादी-नानीचा. तेव्हा आधी त्यांच्याशी बोलू या, आणि तेही बाळ जन्मायच्या आधी.